कोर्टाची पायरी कामासाठी चढणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये आणि व्हॉट्सॲप मेसेजमध्ये कोर्टकचेरीच्या आजूबाजूच्या कामांबद्दल विचारणाऱ्यांची संख्या बरीच होती, म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. म्हणजे वकील नाही, जज नाही, पण ज्यांच्याशिवाय वकिलांचं आणि कोर्टाचं पान हलत नाही अशी कामं. वकिलांकडचे क्लार्क, टायपिस्ट, जमिनीचे कागद शोधून देणारे, विधी सेवेचे स्वयंसेवक, कोर्टातले लिपिक. पत्रं थोडी कापलीत, नावं दिलेली नाहीत, फक्त गाव ठेवलंय.

चिपळूणहून एक वाचक लिहिते : ताई, माझं बी.ए. झालंय, मराठी इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास आहे. इथल्या एका वकिलांकडे ऑफिसात काम मिळतंय. पगाराचं विचारलं तर 'बघू पुढे, आधी शिक' म्हणतात. घरी आई म्हणते मुलीच्या जातीने कोर्टात कशाला हिंडायचं. नेटवर पॅरालीगल करिअर म्हणून खूप काय काय येतं, ते आणि हे काम एकच का आणि यात पुढे काही आहे का?

आहे, नक्की आहे, पण काम काय असतं ते आधी नीट समजून घे म्हणजे आईला पण सांगता येईल.

तालुक्याच्या कोर्टात वकिलांचा क्लार्क सकाळी पहिलं काम करतो ते बोर्ड बघायचं, म्हणजे आज आपल्या कुठल्या केसेस कुठल्या कोर्टासमोर आहेत. आता हे ई-कोर्ट्सच्या ॲपवर आदल्या दिवशीच दिसतं, प्रत्येक केसला १६ अक्षरांचा सीएनआर नंबर असतो तो टाकला की पुढची तारीख, मागचे आदेश सगळं येतं. मग त्या फायली काढायच्या आणि मागच्या तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचायचा, कारण आज केस कशासाठी लागलीय ते तिथे कळतं, साक्षीपुरावा आहे, युक्तिवाद आहे की अजून समन्सच बजावून आलेलं नाही. समन्स आलं नसेल तर प्रोसेस फी भरलीय का, पत्ता बरोबर दिला होता का, बेलिफाने काय शेरा मारलाय हे बघायचं. नवीन दावा असेल तर टायपिंग, कोर्ट फी, वकीलपत्रावर सही, कागदांची यादी, पानांना नंबर, आणि सगळं स्कॅन करून ई-फायलिंग. दाव्यासोबत तातडीच्या मनाईचा अर्ज असतो, त्याला आपल्याकडे सगळे निशाणी ५ म्हणतात, तो अर्ज आणि त्याचं प्रतिज्ञापत्र एकमेकांशी जुळतंय का, गट नंबर सगळीकडे एकच लिहिलाय का हे बघणारा माणूस ऑफिसात बहुतेक वेळा क्लार्कच असतो.

आणि मुदती. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं मी प्रत्येक नवीन मुला-मुलीला सांगते. प्रतिवादीला समन्स मिळालं की कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, कोर्टाने कारण नोंदवून वाढवून दिले तर ९० पर्यंत. दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात अपील करायला ३० दिवस. त्यात निकालाची नक्कल मिळायला जेवढे दिवस लागले तेवढे वगळले जातात, पण नकलेचा अर्ज मुदतीच्या आत केलेला असेल तरच. म्हणून चांगला क्लार्क निकाल लागला की पक्षकार रडतोय की हसतोय ते बघत बसत नाही, आधी नक्कल अर्ज टाकतो. मुदत गेली की मग विलंबमाफीचा अर्ज, त्याचा खर्च, त्याच्या तारखा, आणि कोणाचं तरी घर किंवा कलमांची बाग त्यात अडकून पडते. हे काम कारकुनी वाटतं पण माणसाच्या आयुष्यावर याचा थेट परिणाम होतो, आणि म्हणूनच ते करणाऱ्याला नीट पगार मिळाला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

तर पगाराचं. 'आधी शिक' हे महिना दोन महिने ठीक आहे, त्याच्या पुढे नाही. पहिल्याच दिवशी शांतपणे विचार की सर, महिन्याला किती, कुठल्या तारखेला, आणि मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते तेव्हा पगार चालू राहणार का. हा शेवटचा प्रश्न विचारायला बरेच जण विसरतात आणि मग उन्हाळ्यात घरी बसतात. कागदावर लिहून मिळालं तर उत्तमच, नाहीतर व्हॉट्सॲपवर तरी 'आपलं ठरल्याप्रमाणे' असा मेसेज टाकून ठेव. कोर्टाच्या कामाला जायचा बस-रिक्षाचा खर्च वेगळा मागायचा, त्यात लाजायचं कारण नाही. कोर्टात क्लार्क म्हणून नाव नोंदवून ओळखपत्र घेता येतं, ते सरांना करून द्यायला सांग, म्हणजे खिडकीवर कोण तुम्ही असं कोणी विचारणार नाही.

आईला सांग की आता कोकणातल्या कुठल्याही कोर्टात जा, महिला वकील, महिला न्यायाधीश, महिला लिपिक भरपूर दिसतील. पहिल्या आठवड्यात आईला एकदा सोबत घेऊन ये आणि कोर्ट दाखव, त्याने जेवढं काम होतं तेवढं माझ्या उत्तराने होणार नाही.

नेटवर जे पॅरालीगल म्हणून येतं ते बरंचसं अमेरिकेतलं किंवा मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्मचं असतं. तिथे कंपन्यांचे करार वाचणं, कागद लावणं, इंग्रजी ड्राफ्ट तपासणं असं काम असतं आणि इंग्रजी पक्कं लागतं. कामाचा गाभा तोच आहे, कागद वाचणं, लावणं आणि वेळेत पोचवणं. चिपळूणला दोन वर्षं मन लावून केलंस तर मुंबई-पुण्याच्या ऑफिसात जाताना हात रिकामा नसेल.

लांज्याहून : एका ऑनलाइन संस्थेचा सहा महिन्यांचा पॅरालीगल डिप्लोमा आहे, फी भरपूर आहे पण शंभर टक्के नोकरी म्हणतात आणि म्हणतात की त्यानंतर छोट्या केसेस आपण स्वतः चालवू शकतो. घेऊ का?

नको. दुसरं वाक्य तर सरळ खोटं आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ प्रमाणे सनद, म्हणजे बार कौन्सिलची नोंदणी, असलेल्या वकिलालाच वकिली करता येते, आणि सनद नसताना केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जी संस्था हे सांगत नाही तिच्याकडून कायदा काय शिकणार?

शिकायचंच असेल तर इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा आहे, बारावीनंतर करता येतो, घरी बसून अभ्यास होतो. पण तो सुद्धा ऑफिसात काम करता करता करा. नुसत्या सर्टिफिकेटवर लांज्यात कोणी कामावर ठेवणार नाही, कोर्टात चार महिने हिंडलेल्या माणसाला ठेवतील. त्या फीच्या पैशात एक बरा स्कॅनर घेतलात तर जास्त उपयोग होईल.

देवगड तालुक्यातून एक तरुण लिहितो : ताई, मी ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान चालवतो. गावातले सगळे माकाच सांगतत, सातबारो काढून दी. मुंबईचे चाकरमानी पण फोन करतात की आमच्या जमिनीचं काय ते बघून ठेव. यातूनच टायटल सर्चचं, म्हणजे जमिनीची मालकी कागदांवरून शोधायचं, काम शिकून वकिलांना आणि बँकांना देता येईल का? कुठून सुरुवात करू?

तुझा प्रश्न वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण कोकणात या कामाची जेवढी गरज आहे तेवढी माणसंच नाहीत.

आपल्याकडे जमिनीचा प्रश्न देशावरच्यापेक्षा वेगळा आहे हे आधी डोक्यात ठेव. एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, उरलेल्यातले काही लालबागला काही विरारला काही कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण खोतांच्या वेळच्या वहिवाटीचे वाद अजून कोर्टात भेटतात. मग कुळकायदा, म्हणजे १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ त्या दिवशी कायद्याने मालक मानलं गेलं, म्हणून तेव्हा कूळ कोण होतं यावरून आजसुद्धा भांडणं चालू आहेत. त्यामुळे इथे सर्च म्हणजे नुसता आजचा सातबारा काढून देणं नाही, ते तर कोणीही १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढू शकतो.

सुरुवात अशी कर. एक गट नंबर घे, स्वतःच्या घरचा घेतलास तर सगळ्यात बरं. आजचा सातबारा आणि ८अ, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा, काढ. सातबाऱ्यावर जेवढे फेरफाराचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, नंबर लिहिलेत, कंसातले, गोल केलेले, खोडलेले सगळे, ते एका वहीत उतरव. मग एकेक फेरफार मिळव, नवीन ऑनलाइन मिळतील, जुने तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेचा अर्ज करून. आणि प्रत्येक फेरफाराला स्वतःला विचार, हे नाव का आलं आणि आधीचं का गेलं. वारसाने आलं तर मयताची तारीख काय आणि सगळे वारस लागले का, विशेषतः लग्न झालेल्या मुली. जुन्या फेरफारात मुलींची नावं सर्रास गाळलेली असतात. हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यानंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मापासूनचा हक्क मान्य झालाय, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी गाळलेली आत्या आज कागदावर नसली तरी रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख आलाच पाहिजे. तिने हक्क सोडला असं कोणी म्हणालं तर रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र बघायचं, तोंडी सोडलं होतं म्हणून चालत नाही.

खरेदीने नाव आलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे गावाप्रमाणे शोधता येतं, पण जुनी वर्षं पुस्तकातच बघावी लागतात. बँकांना साधारण ३० वर्षांचा सर्च लागतो.

मग इतर हक्काचा रकाना, तो लोक वाचतच नाहीत. कुळाचं नाव आहे का, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, कुळकायदा कलम ४३ ला पात्र असा शेरा आहे का. तो शेरा असेल तर ती जमीन कुळाला त्याच कायद्याच्या कलम ३२ग प्रमाणे मिळालेली आहे आणि विकायला निर्बंध आहेत, कलम ३२म चं कुळाच्या खरेदीचं सर्टिफिकेट कधी झालं ते शोधावं लागतं. आणि घेणारा मुंबईचा असेल तर तो शेतकरी आहे का, नसेल तर शेतकरी नसलेल्याला शेतजमीन द्यायला अडवणारं कलम ६३ आडवं येतं. हे सगळं बघून तू निष्कर्ष काढायचा नाहीस हं, तू कागद जमवायचे, तारखेप्रमाणे लावायचे आणि कुठे खड्डा आहे ते लिहायचं. टायटल क्लिअर आहे की नाही हे मत वकिलाने त्यांच्या सहीने द्यायचं. ही रेष पाळलीस तर वकील तुला स्वतःहून बोलावतील.

अजून एक गोष्ट आणि ही माझ्या फार जवळची आहे. मोडी शिक. कोकणातल्या कित्येक घरांत ट्रंकेत मोडीतले कागद पडलेत, सरकारी दप्तरातली जुनी नोंदही मोडीत आहे, आणि वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते सगळ्यांनी बघितलं. राज्याच्या पुराभिलेख विभागाकडून मोडीचं प्रशिक्षण आणि परीक्षा होते. पंचविशीतल्या मुलाने मोडी शिकली तर त्याला पुढची कित्येक वर्षं काम कमी पडणार नाही असं मला मनापासून वाटतं.

चाकरमान्यांच्या कामाचा वेळ म्हणशील तर गणपती, शिमगा आणि मे महिना. तेव्हा ते गावात असतात, भावकी एकत्र असते, सह्या होतात. म्हणून त्यांचे कागद श्रावणातच काढून ठेव. फोनवर काम घेतलंस तर काय काढून देणार आणि सरकारी फी किती, तुझी मजुरी किती, हे वेगवेगळं लिहून पाठव आणि पावत्या जोडून दे. आणि कुठल्याही परिस्थितीत जमिनीच्या सौद्यात टक्केवारी घेऊ नकोस. ज्या दिवशी तुझा सौद्यात फायदा असेल त्या दिवसापासून तुझ्या सर्चवर विश्वास ठेवायचं कारण संपलं.

संगमेश्वर तालुक्यातून एक अंगणवाडी सेविका विचारतात : पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणून नाव द्यायचं म्हणते. यात पगार किती, आणि ही कायमची नोकरी होते का?

ताई, पगार नाही आणि नोकरी होत नाही, हे आधीच सांगते म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. ज्या दिवशी विधी सेवा समिती काम देते त्या दिवसाचं मानधन मिळतं, बस. पण तरी तुम्ही नाव द्याच असं मी म्हणेन, कारण ही योजना नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, २००९ मध्ये आणली ती तुमच्यासारख्या माणसांसाठीच, जी गावात आधीच घराघरात जातात आणि ज्यांच्याजवळ बाया बोलतात.

अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे देवरुखच्या कोर्टात जाऊन चौकशी करायची, किंवा रत्नागिरीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात. निवड झाली की प्रशिक्षण देतात, ओळखपत्र देतात. काम काय, तर ज्याला हक्क आहे पण माहिती नाही त्याला दारापर्यंत नेऊन सोडायचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ पाठच करून ठेवा. बाई असेल, मूल असेल, अनुसूचित जाती जमातीची व्यक्ती असेल, अपंग असेल, तुरुंगात असेल, तर उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्नाची मर्यादा आहे. आपल्याकडे नवऱ्याने टाकलेली बाई वकिलाच्या फीसाठी मंगळसूत्र मोडते आणि तिला कोणी सांगतच नाही की तुला सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे मी अनेकदा बघितलंय आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. तुम्ही गावात असाल तर निदान तुमच्या वाड्यांमध्ये तरी असं होणार नाही. १५१०० हा हेल्पलाइन नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

लोकअदालतीच्या आधी पण तुमचं काम पडेल, नोटिसा समजावून सांगायच्या. तिथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. हे दुसरं पण लोकांना तितकंच स्पष्ट सांगायचं, नाहीतर घाईत सही करतात आणि मग पस्तावतात.

आणि कोणाकडून एक रुपया घ्यायचा नाही, चहासुद्धा शक्यतो टाळा, कारण गावात चहाची पण बातमी होते. तुमची मुलगी पुढे कायद्याकडे वळणार असेल तर तिला सोबत घेऊन जा, लॉ कॉलेजच्या मुलांनाही यात घेतात.

सावंतवाडीहून एक वडील : मुलगा बी.कॉम. आहे. कोर्टातली सरकारी नोकरी बरी की वकिलांकडची? भरती कधी असते?

भाऊ, मिळत असेल तर सरकारी, यात विचार करण्यासारखं काही नाही. जिल्हा न्यायालयांसाठी उच्च न्यायालय एकत्र जाहिरात काढतं. डिसेंबर २०२३ ची जाहिरात ४,६२९ पदांची होती, लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई/हमाल. कनिष्ठ लिपिकाला पदवी, टायपिंग मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द, संगणकाचं सर्टिफिकेट, पगार १९,९०० ते ६३,२०० च्या श्रेणीत. लघुलेखकाची श्रेणी ३८,६०० पासून सुरू होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि शॉर्टहँड शिकणारी मुलं आता फार कमी राहिलीत. तुमच्या मुलाला बसून सराव करायची सवय असेल तर त्याला शॉर्टहँडला घाला, माझा हा सल्ला कोणी ऐकत नाही पण मी देतच राहणार. पण जाहिरात दरवर्षी येत नाही, तोपर्यंत त्याला घरी बसवू नका, एखाद्या वकिलांकडे बसू द्या, टायपिंगचा हात पण चालू राहील.

राजापूरहून : मी गेली बरीच वर्षं वकिलांकडे क्लार्क आहे, वय पन्नाशीच्या पुढे. आता सगळं ई-फायलिंग, हायकोर्ट कोल्हापूरला आलं, नवीन कायदे आले. तरुण पोरं मोबाईलवर सगळं करतात. आमच्यासारख्यांचं काय होणार?

काका, तुम्हाला जे येतं ते मोबाईलमध्ये नाही. कुठल्या गावात एकाच नावाची तीन माणसं आहेत, समन्सवर वाडीचं नाव घातलं नाही तर बेलिफ परत येणार, कुठला साक्षीदार भाताच्या कापणीत येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ई-फायलिंग शिकायला तुम्हाला महिना लागेल, त्या पोराला हे सगळं शिकायला वीस वर्षं लागतील. तेव्हा घाबरू नका, पण टाळू पण नका. कोर्टात ई-सेवा केंद्र असतं तिथे जाऊन दोन केसेस स्वतःच्या हाताने चढवा. पीडीएफ सरळ आहे का, पानं वाचता येतायत का, सही राहिली नाही ना, चुका इथेच होतात.

कोल्हापूरचं म्हणाल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे त्यात गेले, रायगड मात्र मुंबईकडेच आहे. माझ्या मते आपल्या क्लार्क मंडळींसाठी ही फार मोठी संधी आहे. आधी हायकोर्टाचं काम म्हणजे रात्रीची गाडी आणि मुंबईत कोणाच्या तरी खोलीवर मुक्काम. आता तुम्ही अणुस्कुरा घाटाने, रत्नागिरीवाले आंबा घाटाने, कणकवलीकडचे फोंड्याने सकाळी जाऊन रात्री घरी. कोल्हापूरच्या वकिलांना इथले कागद, नकला, पक्षकाराच्या सह्या आणून देणारा भरवशाचा माणूस लागतो. शिवाय खालच्या कोर्टातलं कामकाज मराठीत आणि हायकोर्टाचं इंग्रजीत, त्यामुळे साक्षी आणि दस्त यांची चांगली भाषांतरं करणाऱ्यालाही काम आहे. तुमच्या घरात कोणी इंग्रजी बरं असलेलं असेल तर दोघं मिळून हे करा, दस्तातले 'वहिवाट', 'पोटहिस्सा', 'वरकस' हे शब्द त्याला तुम्ही समजावून सांगायचे.

१ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे लागू झाले, भारतीय न्याय संहिता वगैरे, पण त्याआधीच्या गुन्ह्यांच्या केसेस जुन्या भादंविप्रमाणेच चालतायत. दोन्हीतल्या कलमांचा एक तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवा म्हणजे झालं.

गुहागरहून : दोन वर्षं क्लार्कचं काम केलं, आता वाटतं वकीलच व्हावं. काम करता करता घरून एलएल.बी. होईल का?

घरून नाही होणार. पत्रद्वारे केलेली कायद्याची पदवी बार कौन्सिल मानत नाही, कॉलेजात ७० टक्के हजेरी लागते. बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन, दोन्हीला राज्याची सीईटी. पदवीला खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के हवेत. रत्नागिरीत लॉ कॉलेज आहे, तुझ्या वकिलांना विचारून दुपारनंतरचं काम ठेवता येतंय का बघ. सनदेचा खर्च आता पूर्वीइतका राहिला नाही, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोंदणी फी कायद्यात आहे तेवढीच, म्हणजे खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीला १२५. याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये घ्यायचे आणि गरीब घरातली मुलं त्यातच अडकायची. क्लार्कचा वकील झालेल्या माणसाला फाईल कशी लावतात ते कोणी शिकवावं लागत नाही. कर तू.

वेंगुर्ल्याहून : गावातले लोक मला कोर्टातला म्हणून ओळखतात आणि चांगला वकील सांग म्हणतात. एका वकिलांनी पक्षकार आणलास तर फीमधले काही टक्के देतो असं सांगितलंय. घेतले तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला आपली फी वकील नसलेल्या माणसाबरोबर वाटून घेता येत नाही, आणि दलालांमार्फत कामं मिळवताही येत नाहीत. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या २०२३ च्या दुरुस्तीने तर कोर्टांना अशा दलालांची यादी करून लावायचा अधिकार दिलाय, त्या यादीत नाव असताना दलाली केली तर कैद किंवा दंड किंवा दोन्ही. यादीत नाव लागलेल्या माणसाला कोर्टाच्या आवारात येणंही बंद करता येतं. वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी मग तू काम कुठे करणार?

लोकांनी विचारलं तर दोन-तीन नावं सांग, सगळ्यांना भेटा आणि तुम्हाला पटेल त्यांना वकीलपत्र द्या म्हण. जो गरीब आहे त्याला आधी विधी सेवा समितीचं ऑफिस दाखव. फी रोख दिली तर पावती मागा हेही सांग. आणि कोणी म्हणालं की अमक्या साहेबांना सांगून काम करून दे, त्यासाठी एवढे पैसे ठेव, तर तिथल्या तिथे नाही म्हणायचं आणि त्याच दिवशी तुझ्या वकिलांच्या कानावर घालायचं. टक्क्यांच्या ऐवजी त्या वकिलांकडे महिन्याचा पगार माग, आणि देत नसतील तर दुसरं ऑफिस बघ, कामाच्या माणसाला वेंगुर्ल्यात, कुडाळात, ओरोसला कुठेही जागा मिळते.